‘पाश्चात्त्य’, ‘पाश्चिमात्य’ आणि ‘पश्चिमी’: कोणता शब्द, कोणत्या अर्थाने?

प्रश्न: मी कुटुंबसंस्थेवरील एका समाजशास्त्रीय पुस्तकाचे मराठी भाषांतर करीत आहे. छापील मजकुरात मला ‘पाश्चात्य’, ‘पाश्चात्त्य’, ‘पाश्चिमात्य’ आणि ‘पश्चिमी’ अशी चार रूपे आढळतात. त्यांतले बरोबर कोणते? या शब्दात नेमके कोणते देश मोडतात; जपान आणि ऑस्ट्रेलिया त्यात धरावेत का? माझ्या मसुद्यात ‘पाश्चात्य देशांत मुले अठराव्या वर्षी घर सोडतात’ असे वाक्य आहे. मूळ लेखकाने त्या ठिकाणी स्वीडन आणि फिनलंड यांच्याविषयी लिहिले आहे.

उत्तर: आपल्या प्रश्नाचे लेखनापुरते उत्तर एका ओळीत देता येते: ‘पाश्चात्त्य’ लिहावे, दोन ‘त’ आणि मग ‘य’. अर्थाचे उत्तर मात्र एका ओळीत मावणारे नाही. भाषांतर आणि ग्रंथसंपादन या कामांत गेली तीस वर्षे हा शब्द माझ्यासमोर जवळजवळ रोज येतो, आणि माझा अनुभव असा आहे की त्याच्या लेखनातील चूक वाचकाचे फारसे नुकसान करीत नाही. त्याच्या अर्थातील ढिलाई मात्र पुष्कळ नुकसान करते. म्हणून लेखनाचा भाग आधी सांगतो आणि मग अर्थाकडे वळतो.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘दक्षिणापश्चात्पुरसस्त्यक्’ असे एक सूत्र आहे (४.२.९८). ‘दक्षिणा’, ‘पश्चात्’ आणि ‘पुरस्’ या तीन अव्ययांना ‘तेथे झालेला, तेथला’ अशा अर्थी ‘त्य’ हा प्रत्यय लागतो आणि शब्दातील पहिल्या स्वराची वृद्धी होते (‘अ’चा ‘आ’, ‘उ’चा ‘औ’), असे ते सूत्र सांगते. त्यातून दाक्षिणात्य, पाश्चात्त्य आणि पौरस्त्य ही तीन रूपे सिद्ध होतात. ‘पश्चात्’ या अव्ययाच्या अखेरीस स्वतःचा ‘त्’ आहे आणि प्रत्ययाचा ‘त्य’ त्याला येऊन मिळतो, म्हणून ‘त’ दोन. ‘तत्’ला ‘त्व’ लागून तत्त्व होते, ‘महत्’ला लागून महत्त्व होते, तसाच हा प्रकार आहे. ‘पश्चात्ताप’ शब्दात तोच ‘पश्चात्’ आहे आणि तेथे आपण दोन ‘त’ न चुकता लिहितो, कारण दुसरा ‘ता’ कानाला स्वच्छ ऐकू येतो. ‘पाश्चात्त्य’मध्ये तसे होत नाही. मराठी बोलण्यात ‘य’च्या आधीचे व्यंजन आपोआप दुप्पट होते, ‘सत्य’, ‘नित्य’, ‘कृत्य’ हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहिले तर लिहिलेला ‘त’ एक आणि ऐकू येणारे दोन, हे ध्यानात येईल. त्यामुळे ‘पाश्चात्य’ आणि ‘पाश्चात्त्य’ यांच्या उच्चारात फरक उरत नाही, कान मदतीला येत नाही, आणि एक ‘त’ गळतो. हे केवळ व्युत्पत्ती आठवूनच टाळता येते.

‘पाश्चिमात्य’ची गोष्ट वेगळी आहे. हे रूप ‘दाक्षिणात्य’च्या नमुन्यावर घडवलेले आहे. ‘दाक्षिणात्य’मधील ‘णा’चा काना उगाच आलेला नाही, मूळ अव्ययच ‘दक्षिणा’, म्हणजे ‘दक्षिणेकडे’, असे आहे. ‘पश्चिमा’ किंवा ‘पूर्वा’ अशी अव्यये संस्कृतात नाहीत, म्हणून ‘पाश्चिमात्य’ आणि ‘पौर्वात्य’ या दोन्ही शब्दांतील तो काना उसना आहे. तरीही या दोन शब्दांना मी सारखा न्याय लावीत नाही. ‘पौर्वात्य’ मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या जागी ‘पौरस्त्य’ घातला तर सामान्य वाचक अडखळतो, आणि वाचकाला अडखळवून व्याकरण राखण्यात मला अर्थ दिसत नाही. ‘पाश्चिमात्य’ची स्थिती तशी नाही. त्याच अर्थाचा, अधिक आखूड आणि व्याकरणशुद्ध शब्द वाचकाच्या ओळखीचा असताना लांबचा आणि सदोष शब्द घेण्याचे कारण उरत नाही. वर्तमानपत्रांत तो चालतो, त्याला अशुद्ध म्हणून कोणाला हिणवू नये. पण ग्रंथात, आणि विशेषतः एकाच ग्रंथात दोन्ही रूपे आलटूनपालटून, तो ठेवू नये. सूची करताना अशी दोन रूपे दोन ठिकाणी जातात आणि संगणकावर शोध घेणाऱ्याला निम्मीच पाने सापडतात, हा व्यवहारातला तोटाही आहे.

‘पश्चिमी’विषयी थोडक्यात सांगतो. भूगोलात ‘पश्चिमी वारे’ हा शब्द पक्का आहे आणि तो तसाच राहावा. ‘पश्चिमी देश’, ‘पश्चिमी संस्कृती’ ही मात्र हिंदीची सावली आहे.

आता अर्थ. ‘पश्चात्’ म्हणजे मागे किंवा नंतर. दिशांची संस्कृत नावे उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची आहेत: समोर ती पूर्व, उजव्या हाताला ती दक्षिण, पाठीमागे ती पश्चिम. ‘पश्चिम’ शब्दाचा मूळ अर्थच ‘शेवटचा, मागचा’ असा आहे. रघुवंशाच्या सतराव्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकात कालिदास ‘पश्चिम’ यामाविषयी बोलतो, तेव्हा त्याला दिशा अभिप्रेत नसते. रात्रीचा शेवटचा प्रहर अभिप्रेत असतो, ज्या प्रहरी बुद्धीला प्रसन्नता लाभते. आपल्या अस्सल मराठीत ‘उगवत’ आणि ‘मावळत’ आहेत. गावाकडे आजही घर ‘उगवतीला तोंड करून’ बांधले असे सांगतात आणि शेताची हद्द ‘मावळतीकडून’ मोजतात. इतर भाषांनीही तेच केले आहे: लॅटिनमध्ये पश्चिमेला दिलेले नाव सूर्य बुडण्यावरून आहे, जर्मन लोक पाश्चात्त्य जगाला ‘संध्याकाळची भूमी’ म्हणतात, आणि अरबी ‘मगरिब’ हा शब्द सूर्यास्ताच्या नमाजामुळे आपल्याला ठाऊक आहेच, त्याच शब्दावरून उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला नाव पडले आहे.

यावरून एक साधी गोष्ट निघते, आणि माझ्या मते या शब्दाचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. पश्चिम ही जागा नव्हे. ती बोलणाऱ्याच्या पाठीमागची बाजू आहे. बोलणारा बदलला की पश्चिम बदलते. चीनमधून सातव्या शतकात भारतात आलेल्या युआन श्वांगने परतल्यावर जो प्रवासवृत्तांत सिद्ध केला, त्याच्या नावातच ‘पश्चिमेकडील प्रदेश’ आहेत, आणि त्या पश्चिमेकडील प्रदेशांत दुसऱ्या पुलकेशीच्या काळातला आपला महाराष्ट्रही येतो. त्याच्या दृष्टीने आपण पाश्चात्त्य होतो. भारताच्या आतसुद्धा कोकणाचे जुने नाव अपरान्त, म्हणजे पश्चिमेचे टोक. ते अशोकाच्या शिलालेखांत आहे आणि रघुवंशातही आहे.

रघुवंशाच्या चौथ्या सर्गाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आपला शब्द त्यात प्रत्यक्ष आला आहे. रघू दिग्विजयाला निघतो तो आधी पूर्वेला. तेथील लोकांना कवी ‘पौरस्त्य’ म्हणतो, आणि ते सुह्म, वंग या बाजूचे, म्हणजे आजच्या बंगालकडचे आहेत. मग दक्षिणेला वळसा घालून, सह्याद्रीला भिडलेल्या समुद्राजवळचा अपरान्त जिंकून, तो जमिनीच्या वाटेने पारसीकांवर चालून जातो. तेथे त्याचे तुंबळ युद्ध ‘पाश्चात्त्यैरश्वसाधनैः’, म्हणजे घोडदळ हेच ज्यांचे बळ अशा पाश्चात्त्यांशी होते. धूळ इतकी उडते की समोरचा योद्धा धनुष्याच्या टणत्कारावरूनच ओळखावा लागतो, आणि रणभूमीवर पडलेली त्यांची दाढीधारी मस्तके कवीला मधमाश्यांनी भरलेल्या मोहोळांसारखी दिसतात. आता हे पाश्चात्त्य कोण, ते पाहावे. ते इराणकडचे लोक आहेत. आज ‘पाश्चात्त्य’ म्हटल्यावर ज्यांची आठवण कोणालाही होणार नाही, किंबहुना ज्यांना आज पाश्चात्त्यांचे विरोधक म्हणून दाखवले जाते, तेच लोक कालिदासाच्या संस्कृतात पाश्चात्त्य होते. मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर अरबस्तान आणि इराणच आपल्या मावळतीला येतात. आजचा आपला ‘पाश्चात्त्य’ शब्द त्या जवळच्या पश्चिमेवरून उडी मारून थेट युरोपात आणि अटलांटिकपलीकडे जाऊन पोहोचतो.

याचा उलगडा असा की शब्दाचे रूप जुने असले तरी आजचा अर्थ आयात केलेला आहे. युरोपाने स्वतःला जे नाव दिले, त्याचे भाषांतर करण्यासाठी एकोणिसाव्या शतकात आपण संस्कृतातील तयार शब्द वापरला. त्याआधी मराठीत युरोपीयांना नावे नव्हती असे मुळीच नाही. भरपूर होती आणि ती फार नेमकी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, व्यापारी म्हणून येणाऱ्या या लोकांपासून सावध राहण्याविषयी लिहिताना फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी वेगवेगळी नावे घेतली आहेत आणि त्या सर्वांना मिळून ‘टोपीकर’ म्हटले आहे. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. ‘फिरंगी’ हा शब्द ‘फ्रँक’ लोकांच्या नावावरून फारसीमार्गे आला. उत्तरेत तो सरसकट युरोपीयांना लागला, पण मराठी कागदपत्रांत तो मुख्यतः पोर्तुगिजांना वापरला जाई, आणि वसईकडच्या त्यांच्या मुलखाला ‘फिरंगाण’ म्हणत. ज्यांच्याशी रोजचा व्यापार, तह आणि लढाया होत्या त्यांना एका पोत्यात भरून चालणार नव्हते, हे त्या काळच्या मुत्सद्द्याला पक्के ठाऊक होते. आपण आज एका विशेषणात जे कोंबतो ते त्याने पाच नावांत वेगळे ठेवले होते, याचा मला मनापासून आदर वाटतो.

‘विलायत’ हा त्यानंतरचा टप्पा. अरबीत त्याचा अर्थ प्रांत किंवा राज्य. आपल्याकडे तो साहेबाचा मूळ मुलूख, म्हणजे इंग्लंड, या अर्थी स्थिरावला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी दर्पण सुरू केले, तेव्हा स्वदेशीय लोकांमध्ये विलायतेतील विद्यांचा अभ्यास वाढावा हा हेतू सांगितला होता. आज तेच वाक्य कोणी लिहिले असते तर तेथे ‘पाश्चात्त्य विद्या’ आले असते. बोलीत ‘विलायती’चा अर्थ पुढे नुसता ‘बाहेरून आलेले’ एवढाच उरला. विलायती चिंच आणि विलायती बाभूळ यांचा इंग्लंडशी काडीचा संबंध नाही. दोन्ही अमेरिका खंडातून आलेली झाडे आहेत.

‘पाश्चात्त्य’मध्ये कोण मोडतो, या आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ‘कशाबद्दल बोलत आहात’ यावर ठरते. तत्त्वज्ञान, संगीत, चित्रकला, वाङ्मयविचार या क्षेत्रांत हा शब्द एका परंपरेचे नाव आहे, आणि तेथे तो चोख काम देतो. ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’ म्हटले की ग्रीकांपासून सुरू झालेली, लॅटिनमधून पुढे आलेली आणि आधुनिक युरोपीय भाषांत विस्तारलेली विचारांची एक साखळी डोळ्यांपुढे येते. येथेही नकाशा लावू नये. रोमन साम्राज्याचे दोन भाग झाले तेव्हा ग्रीस पूर्वेकडच्या भागात होता. पश्चिमेकडचा भाग ४७६ मध्ये संपला आणि पूर्वेकडचा १४५३ पर्यंत टिकला. १०५४ मध्ये चर्चमध्ये फूट पडली तेव्हाही ग्रीक बाजू पूर्वेचीच होती. तरी प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल यांच्याखेरीज पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे पहिले पान लिहिता येत नाही. परंपरेचे नाव वंशावळीवरून पडते, अक्षांश-रेखांशांवरून नव्हे. ऑस्ट्रेलिया आपल्या आग्नेयेला असूनही पाश्चात्त्य जगात धरला जातो तो याच कारणाने: तेथली भाषा, कायदा आणि संस्था ब्रिटनमधून गेलेल्या आहेत.

जपानचे तसे नाही. जपानने उद्योग, सैन्य, शिक्षण यांची घडण युरोप-अमेरिकेकडे पाहून बदलली, १९७५ मध्ये प्रमुख औद्योगिक राष्ट्रांच्या पहिल्या शिखर बैठकीत तो बसला आणि आज जी-सात राष्ट्रांत आहे. पण त्याला पाश्चात्त्य म्हणणे चूक आहे. राजकीय बातमीत ‘पाश्चात्त्य राष्ट्रांनी निर्बंध लादले’ असे लिहिले जाते आणि त्या यादीत जपान असतो, तेव्हा लेखकाला प्रत्यक्षात ‘अमेरिका व तिची मित्रराष्ट्रे’ किंवा ‘जी-सात राष्ट्रे’ म्हणायचे असते. तसेच लिहावे. आपले पुस्तक समाजशास्त्राचे असल्याने आणखी एक सूचना करतो. त्यात ‘पाश्चात्त्यीकरण’ ही संज्ञा येईल. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ती ‘संस्कृतीकरणा’च्या, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलण्याच्या, जोडीने वापरली, आणि ब्रिटिश राजवटीच्या दीडशेहून अधिक वर्षांत भारतीय समाजात झालेले बदल असा तिचा मर्यादित अर्थ सांगितला. तेथे वाक्याला बरे दिसते म्हणून ‘आधुनिकीकरण’ घालू नये. तो वेगळा शब्द आहे आणि त्यांनी तो विचारपूर्वक बाजूला ठेवला होता.

हा शब्द दुबळा पडतो तो माणसे, सवयी आणि कायदे यांच्याबाबतीत. कायद्याचेच उदाहरण पाहावे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या बांद्याहून निघून पत्रादेवीचा नाका ओलांडला की आपण महाराष्ट्रातून गोव्यात शिरतो. नाक्याच्या दोन्ही बाजूंच्या कायद्यावर युरोपाचा ठसा आहे, पण अलीकडे तो इंग्रजी परंपरेचा आणि पलीकडे कौटुंबिक बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा. गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी आणि पतिपत्नींची सामाईक मालमत्ता ही त्या संहितेतून आलेली चौकट आहे. सिंधुदुर्गात मालमत्तेचा तसा नियम नाही. ‘आपल्याकडे पाश्चात्त्य कायदा आला’ असे वाक्य या दोन्ही गावांना लागू पडते, आणि दोन्हींपैकी एकाविषयीही काही सांगत नाही.

व्यवहारात मी एक कसोटी लावतो. ‘पाश्चात्त्य’ हा शब्द खोडून त्या जागी ‘ब्रिटिश’, ‘फ्रेंच’, ‘अमेरिकी’, ‘युरोपीय’ यांपैकी एक शब्द घालून पाहतो. अर्थ तसाच राहिला किंवा अधिक स्पष्ट झाला, तर तो नेमका शब्द ठेवतो. अर्थ आकसला, म्हणजे लेखकाला खरोखरच अनेक देशांत पसरलेली परंपरा म्हणायची होती असे दिसले, तर ‘पाश्चात्त्य’ परत आणतो. निव्वळ दिशेसाठी मात्र नेहमी ‘पश्चिम’: पश्चिम युरोप, पश्चिम आशिया, पश्चिम घाट. अमेरिकी लेखकाच्या मजकुरात तर फारच जपावे लागते, कारण त्याच्या लेखनात ‘वेस्टर्न’ हे विशेषण कधी मिसिसिपी नदीपलीकडच्या अमेरिकी प्रदेशाला उद्देशून असते. माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात कोलोरॅडोच्या गुराख्यांचे गाव ‘पाश्चात्त्य गाव’ झाले होते. ते ‘अमेरिकेच्या पश्चिम भागातले गाव’ हवे होते.

अर्थात भाषांतरकाराला लेखकाचे विधान बदलण्याचा अधिकार नाही. लेखकाने स्वतः सरसकट ‘पाश्चात्त्य समाज’ असे म्हटले असेल, तर ते आपल्याला पटो वा न पटो, तसेच उतरवावे. आपल्या वाक्यात मात्र लेखकाने स्वीडन आणि फिनलंड म्हटले आहे आणि ‘पाश्चात्य’ हा शब्द मसुद्यात आपल्याकडून आला आहे. तो काढणेच योग्य. त्या देशांत तरुण मुले सरासरीने विशीच्या सुरुवातीला वेगळी राहू लागतात, तर इटली आणि स्पेन येथे हे सरासरी वय तिशीच्या आसपास आहे. मिलानमधील अठ्ठावीस वर्षांचा तरुण आईवडिलांच्या घरी राहतो आणि तोही तितकाच पाश्चात्त्य आहे. ‘अठराव्या वर्षी’ हा आकडा मूळ पुस्तकात आहे का, तेही ताडून पाहावे. आणि ‘घर सोडतात’ हा प्रयोग बदलावा, कारण मराठीत घर सोडणे म्हणजे बहुधा रागावून, भांडून किंवा विरक्तीने निघून जाणे. येथे तसे काहीच घडत नाही. मूळ पुस्तकात तो आकडा नसेल, तर मी ते वाक्य असे लिहीन: ‘स्वीडन आणि फिनलंडमध्ये मुले विशीच्या सुरुवातीलाच वेगळे बिऱ्हाड करतात.’